विषाणू मुक्कामाला राहतो तेव्हा



गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास मी ओट्यावर बसून शेजारच्या आजींचा निराधार योजनेचा अर्ज भरत होतो. कारकुनाला सुट्टीच्या दिवशीही कागद सुटत नाहीत, हे आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्यात इंदापूरच्या एस.टी.ने वहिनी आल्या. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. आजी अर्ज घेऊन गेल्यावर वहिनींनी पिशवीतून पांढरी प्लॅस्टिकची बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"भाऊजी, ह्या गोळ्या कायमच्या बंद केल्या तर माझं डोकं ठिकाणावर यील का?"

मी बाटली हातात घेतली. कारकुनाची सवय, आधी शिल्लक मोजली. महिना संपायला चार दिवस होते आणि बाटलीत एकोणीस गोळ्या होत्या. म्हणजे पंधरा दिवसांचा हिशेब लागत नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "काय बी ध्यानात राहीना. परवा गॅसवर दूध ठेवलं आन् शेजारी जाऊन बसले. भांडं जळून कोळसा झालं. नातवाचं नाव पटकन तोंडात येत न्हाई. सूनबाई म्हणाली, आत्या, ह्या गोळ्यांनीच तुमचं डोकं बिघडलंय. म्हणून म्या सोडून दिल्या."

त्या गोळ्या एचआयव्हीच्या. वहिनी गेली अठरा वर्षे त्या घेत आहेत. हे मी त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, नाव आणि नेमके नाते लिहीत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी ज्यांना वहिनी म्हणतो अशा पन्नास जणी तरी निघतील, तेव्हा कोणी अंदाज बांधत बसू नये.

वहिनींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. कारण त्या प्रश्नाने मला चोवीस वर्षे मागे नेले.

सन २००१. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वहिनींचे यजमान, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रक चालवीत. धिप्पाड माणूस. भिगवणपासून पार हैदराबादपर्यंतच्या प्रत्येक ढाब्याचे नाव त्यांना पाठ. त्या वर्षी ते हळूहळू बदलत गेले. आधी बारीक ताप, जुलाब, वजन उतरणे. मग बोलण्याला उशिरा उत्तर देऊ लागले. सही वाकडीतिकडी होऊ लागली. चालताना पाय अडखळायचा. माहितीच्या रस्त्यावर वळण चुकले म्हणून मालकाने गाडीवरून उतरवले. शेवटी शेवटी ते भिंतीकडे तोंड करून तासन् तास बसत. कशात रस नाही, कशाचे सुखदुःख नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी निदान केले, "कुणीतरी करणी केली." आणि मला सांगायला लाज वाटते, पण देवऋष्याकडे त्यांना घेऊन जाणारा मीच होतो. घरात तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, घरातला शिकलेला मुलगा मी, आणि मीच त्यांच्या अंगावरून लिंबू उतरवताना कंदील धरून उभा होतो. मनातून पटत नव्हते, पण वडिलांपुढे बोलायची छाती झाली नाही. त्यात दोन महिने गेले. पुढे एका दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा आजाराचे नाव कळले. त्या दवाखान्यात दादांची खाट व्हरांड्यात काढली गेली आणि सलाईन बदलायलाही कोणी लवकर येत नसे. ऐन पावसाळ्यात ते गेले. गावाने दोन गोष्टी लक्षात ठेवल्या. एक, त्यांना "तसला" रोग होता. दोन, ते वेडे होऊन गेले.

ते वेडे झाले नव्हते आणि कोणी करणीही केली नव्हती. विषाणू त्यांच्या मेंदूपर्यंत पोचला होता. आज हे समजून घेण्यासाठीच हा लेखप्रपंच.

पाहुणा आणि मुक्कामी

विषाणू दोन प्रकारचे असतात असे ढोबळमानाने समजा. एक पाहुण्यासारखा. येतो, चार-आठ दिवस धुमाकूळ घालतो, शरीराची संरक्षक फौज त्याला हाकलून देते. साधी सर्दी, बहुतेक वेळा फ्लू, यातले. दुसरा मात्र मुक्कामाला येतो. तो वर्षानुवर्षे, कधी जन्मभर शरीरात राहतो. काही विषाणू गुपचूप झोपून राहतात आणि संधी मिळाली की उठतात. काही सतत काम करीत राहतात. आपली रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याशी रोज लढत राहते आणि लढून लढून थकते.

एचआयव्ही हा मुक्कामी विषाणूंमधला सर्वांत कावेबाज. कारण तो ज्या फौजेने त्याला हाकलायचे तिच्याच सेनापतीला धरतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-४ नावाच्या पेशी असतात. कोणावर हल्ला करायचा, कधी करायचा, कधी थांबायचे, याचे हुकूम त्या देतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार न केल्यास काही वर्षांत त्या घटत जातात आणि २०० च्या खाली गेल्या की माणूस एड्सच्या अवस्थेत गेला असे मानतात. मग क्षयरोग, मेंदूच्या आवरणाची सूज, बुरशीचे आजार, असे जे रोग एरवी अंगावर यायला धजत नाहीत ते घरात शिरतात.

दुसरा कावा त्याहून वाईट. हा विषाणू आपल्या पेशीच्या केंद्रात जाऊन तिथल्या मूळ नोंदीतच स्वतःची नोंद घुसवतो. माझ्या भाषेत सांगायचे तर कोणी तरी रात्री कचेरीत शिरून खतावणीच्या मधल्या पानावर खोटी नोंद करून ठेवावी तसे. पान फाडता येत नाही, कारण बाकीचे सर्व हिशेब त्याच वहीत आहेत. आजची औषधे त्या नोंदीवरून नव्या नकला काढणे बंद पाडतात, पण मूळ नोंद खोडता येत नाही. म्हणून गोळी जन्मभर घ्यावी लागते. आणि म्हणूनच गोळी सोडली की बहुधा काही आठवड्यांतच रक्तातला विषाणू पुन्हा वर येतो.

मेंदूत कसा शिरतो?

मेंदू हा शरीरातला सर्वांत बंदोबस्तातला भाग. तिथल्या रक्तवाहिन्यांची वीण इतकी घट्ट असते की रक्तातली वाटेल ती गोष्ट आत जाऊ शकत नाही. पण काही पांढऱ्या पेशींना आत जायची मुभा असते, कारण पहाऱ्याचे कामच त्यांचे. एचआयव्ही अशा पेशींच्या पोटात बसून आत जातो. म्हणजे चोर पोलिसाच्या गाडीतून वाड्यात शिरला. आणि हे शेवटच्या अवस्थेत घडते असेही नाही. लागण झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू मेंदूपर्यंत पोचलेला असू शकतो.

आत गेल्यावर तो ज्या पेशींनी आपण विचार करतो, आठवतो, हातपाय हलवतो त्या चेतापेशींना सहसा धरत नाही. तो मेंदूतल्या राखणदार पेशींना धरतो. त्या राखणदार पेशी चिडतात, सतत दाहक रसायने सोडत राहतात. विषाणूची स्वतःची काही प्रथिनेही विषारी असतात. या दोन्हींनी शेजारच्या चेतापेशी होरपळतात. आपल्याकडे उसाचे पाचट पेटवल्यावर बांधावरचे आंब्याचे झाड कसे होरपळते? त्या झाडाला कोणी काडी लावलेली नसते. तसेच हे.

यातून काय दिसते? विचार मंदावणे, लक्ष न लागणे, अलीकडचे विसरणे, हातापायांची हालचाल बोजड होणे, कशातच रस न वाटणे. दादांचे सगळे वर्णन यात आले की नाही? सेनापती पडल्यामुळे इतर जंतूही मेंदूत शिरतात, तो धोका वेगळाच.

पुणे जिल्ह्याने हा रोग फार जवळून पाहिला आहे आणि त्याचा अभ्यासही येथेच झाला आहे. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आपल्या भागातल्या रुग्णांच्या स्मरणशक्तीवर, विचारांच्या वेगावर या विषाणूचा काय परिणाम होतो हे तेथील संशोधकांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर तपासले. आजार पुढे गेलेल्या रुग्णांमध्ये हा त्रास निरोगी माणसांपेक्षा अधिक आढळला, आणि उपचार सुरू झाल्यावर तो सुधारू शकतो हेही दिसले. म्हणजे गोळीने डोके बिघडत नाही. उलट डोके वाचवायचे असेल तर गोळी हवी.

मग वहिनींना विसर का पडतो?

हा खरा प्रश्न. वहिनींनी तर अठरा वर्षे इमानाने गोळ्या घेतल्या. तरी असे का व्हावे?

त्यांच्या औषधांचा इतिहास मी वहीत लिहून ठेवला आहे. २००१ साली, दादा गेले त्याच वर्षी, सिप्ला या मुंबईच्या कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरमध्ये देण्याची घोषणा करून जगात खळबळ उडवली होती. या कंपनीचा एक कारखाना आपल्या कुरकुंभला आहे, दादांच्या रोजच्या रस्त्यावर. पण सरकारी दवाखान्यातून मोफत औषध सुरू झाले ते १ एप्रिल २००४ पासून. दादांना ते मिळाले नाही. वहिनींच्या सीडी-४ पेशी २००७ साली २०० च्या खाली गेल्या तेव्हा त्यांचे औषध सुरू झाले, कारण तेव्हा नियमच तसा होता. त्या आधीची किमान सहा वर्षे विषाणू त्यांच्या शरीरात बिनविरोध नांदत होता. त्या काळात जे होरपळले ते पूर्णपणे भरून येतेच असे नाही. २०१७ पासून नियम बदलला. आता तपासणीत एचआयव्ही आढळला की पेशी किती आहेत ते न पाहता औषध सुरू करतात. आजच्या तरुण रुग्णाला वहिनींसारखी वाट पाहावी लागत नाही, हा फार मोठा फरक आहे.

दुसरे असे, की औषधाने विषाणू दबला तरी शरीरात थोडी धग राहते. पहारेकरी पूर्ण शांत होत नाहीत. त्यामुळे या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि काहींना सौम्य विस्मरण होते. बहुतेकांचे रोजचे काम त्याने अडत नाही.

तिसरे, औषधाबद्दलची तक्रार अगदीच खोटी असते असेही नाही. मध्यंतरी काही वर्षे वहिनींना जी गोळी होती त्यात एफाविरेन्झ नावाचे औषध होते. ते रात्री झोपताना घ्यायचे असे. त्याने पुष्कळांना चक्कर येई, चित्रविचित्र स्वप्ने पडत. वहिनींना स्वप्नात दादा ट्रक घेऊन दारात आलेले दिसत. कोणी म्हणाले, आत्मा भटकतो आहे. आत्मा वगैरे काही नव्हते, औषधाचा परिणाम होता. आता सरकारी केंद्रांतून बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी दिवसातून एकदा देतात. तिनेही काहींची झोप बिघडते. पण असे झाले तर तक्रार डॉक्टरांकडे करायची. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. आपल्या मनाने बंद करायची नाही.

आणि चौथे, जे आपण सगळेच विसरतो. एचआयव्ही असलेल्या माणसालाही इतर आजार होतात. पन्नाशीच्या बाईला विसर पडू लागला तर त्यामागे रक्तदाब असू शकतो, साखर असू शकते, थायरॉईड असू शकते, रक्तक्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. मनाची उदासी असू शकते. ऐन तारुण्यात वैधव्य, चोवीस वर्षे पोटात दडवलेले गुपित, आणि भांडी वेगळी ठेवणारे नातेवाईक. यात कोणाचे डोके जाग्यावर राहील? या सर्व कारणांची तपासणी होते आणि बहुतेकांवर उपाय आहे.

आणखी तीन मुक्कामी

केवळ एचआयव्हीच मेंदूत शिरतो असे समजून इतरांनी निर्धास्त राहू नये. आपल्या घरोघरी येणारे तीन विषाणू सांगतो.

पहिला गोवराचा. अजूनही आपल्या वस्तीत गोवर आला की "देवी आली, औषध देऊ नका" म्हणणाऱ्या आजीबाई आहेत. गोवर शरीराची आठवण पुसतो. म्हणजे पूर्वी झालेल्या आजारांशी कसे लढायचे याची जी नोंद रोगप्रतिकारशक्तीकडे असते, ती बरीचशी नाहीशी करतो. म्हणून गोवरानंतर मूल महिनोन् महिने न्यूमोनिया, जुलाब यांना सहज बळी पडते. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराने बालके दगावली ती बातमी आपण वाचली असेल. याहून भयंकर म्हणजे क्वचित एखाद्या मुलात गोवराचा विषाणू मेंदूत दडून बसतो आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनी वर येतो. हुशार मूल अभ्यासात मागे पडू लागते, हातातून वस्तू पडतात, अंगाला झटके बसतात, मूल चालता चालता कोसळते. त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. दोन वर्षांच्या आत ज्यांना गोवर होतो त्यांना हा धोका अधिक. उपाय एकच, लस. पहिली नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. हंगामात आपल्याकडे बीड-नगरकडून ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुले या दोन तारखांच्या मध्ये हरवतात. आपल्या शिवारात कोप्या पडल्या असतील तर आशाताईंना तेवढे सांगा. फार मोठे समाजकार्य होईल.

दुसरा कांजिण्यांचा. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी झोपतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती खालावली की नागीण होऊन बाहेर येतो. नागिणीचे वेटोळे पूर्ण झाले की माणूस मरतो, ही समजूत खोटी आहे. एका बाजूच्या मज्जातंतूच्या रेषेत ती येते, म्हणून तिला वेटोळ्याचा आकार. मंत्र घालून, गेरू लावून वेळ घालवू नये. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो. डोळ्याजवळ नागीण आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. आणि तरुण माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, त्यात लाज कसली?

या नागिणीवरून २०२५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात नागिणीची लस देताना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारीख सीमा धरली होती. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना लस मिळाली, आधीच्यांना नाही. एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली माणसे बाकी सर्व बाबतींत सारखीच असणार. सात वर्षांनी पाहिले तर लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी होते. झोपलेल्या विषाणूचा आणि म्हातारपणच्या विसराचा काही संबंध असावा, असे या अभ्यासावरून संशोधकांना वाटू लागले आहे.

तिसरा कावीळ ब आणि क यांचा. हे विषाणू वर्षानुवर्षे यकृतात राहतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. यकृत निकामी होऊ लागले की रक्तातली घाण गाळली जात नाही, ती मेंदूपर्यंत जाते. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, हात थरथरतात. लोक म्हणतात दारू प्यायला, नाहीतर बाहेरचे लागले. यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला असून त्यात तपासणी व औषध मोफत आहे. क प्रकार बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ब प्रकार टाळण्यासाठी बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस मिळालीच पाहिजे. बाळंतपण कोठेही होवो, कार्डावर ती नोंद आहे का ते पाहावे.

कायदा आपल्या बाजूने आहे

दादांची खाट व्हरांड्यात काढली तेव्हा आम्हाला दाद मागायला जागा नव्हती. आज आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून कोणाला नोकरीवरून काढता येत नाही, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत, भाड्याचे घर नाकारता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि एखाद्याची स्थिती चारचौघांत उघड करता येत नाही. मी हा लेख लिहिताना वहिनींची परवानगी घेतली ती केवळ सौजन्य म्हणून नव्हे.

आणि भीती कशाची बाळगायची? एकत्र जेवल्याने, कपड्याने, मिठीने, डासाने हा रोग होत नाही. २०११ साली जाहीर झालेल्या एका जागतिक अभ्यासात, ज्यात आपली भोसरीची संस्थाही होती, असे दिसले की रुग्णाला वेळीच औषध सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो. पुढे तर हे सिद्ध झाले की नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. औषध घेणाऱ्या आईचे मूलही बहुतेक वेळा निरोगी जन्मते. तेव्हा गोळी घेणारा माणूस स्वतःला वाचवतो आणि दुसऱ्यालाही.

तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत व गुप्त होते. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर पैसे न देता फोन करून विचारता येते. गाडीवर किंवा ऊसतोडीला बाहेरगावी जायचे असेल तर केंद्रावर आधी सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. गोळ्या चुकण्याचे सर्वांत मोठे कारण आपल्या भागात हेच असते.

पुढे काय झाले

त्या रविवारी मी वहिनींना एकटे परत पाठवले नाही. घरच्यांना सांगून त्यांना ठेवून घेतले आणि सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर केंद्रावर गेलो. मला वाटले होते, पंधरा गोळ्या चुकल्या म्हणून बोलणी खावी लागतील. पण समुपदेशक ताईंनी एवढेच विचारले, "आक्का, का सोडल्या? कायतरी त्रास झाला असंल ना?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. चोवीस वर्षांत असे विचारणारे कोणी भेटले नव्हते, त्यात मीही आलो.

गोळी त्याच दिवसापासून पुन्हा सुरू झाली. रक्त तपासले. रक्तदाब बराच चढलेला निघाला, बी-१२ कमी निघाले. दोन्हींची औषधे सुरू आहेत. विषाणू किती वर आला आहे, त्याने औषधाला दाद देणे बंद केले आहे का, हे पुढच्या तपासणीत कळेल. ती तीन महिन्यांनी आहे. तोवर आम्ही वाट पाहत आहोत.

सूनबाईंशी मी बोललो. ती वाईट नाही. सासूचे भांडे जळाले याची तिला भीतीच वाटली होती, उद्या घर पेटेल म्हणून. आता तिनेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी झाली की खूण करायची जबाबदारी घेतली आहे. गॅसजवळ वहिनींनी एकट्याने थांबायचे नाही, असेही दोघींनी मिळून ठरवले आहे. परवा फोनवर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नातवाचं नाव आठवलं. पर पिशवी कुठं ठेवली ते अजून सापडंना." आम्ही दोघेही हसलो.

मला मात्र राहून राहून तो कंदील आठवतो. दोन महिने आम्ही लिंबू उतरवण्यात घालवले. ते दोन महिने वाचले असते तर दादा वाचले असते का? २००१ साली कदाचित नसतेही. पण त्यांना कोणी वेडा म्हटले नसते, आणि वहिनींच्या कपाळी "वेड्याची बायको" हा शिक्का बसला नसता.

म्हणून एक विनंती करतो. आपल्या घरात, भावकीत, वस्तीत कोणी अचानक विसरू लागला, मंदावला, अबोल झाला, वेगळे वागू लागला, तर "बाहेरचे आहे" असे म्हणण्यापूर्वी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. आणि कोणी आयुष्यभराच्या गोळ्या घेत असेल, मग त्या कशाच्याही असोत, तर महिन्यातून एकदा त्याच्याजवळ बसा आणि बाटलीतली शिल्लक मोजा. हिशेब लागला नाही तर रागावू नका. का लागला नाही ते विचारा.